ग्राम्य आणि आरण्य : प्राण्यांच्या साथी, शासनाचे अधिकार आणि कायद्याची भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

वैदिक वाङ्मयात पशूंचे ग्राम्य आणि आरण्य असे दोन वर्ग मानलेले आढळतात. गाय, घोडा, मेंढी, शेळी हे ग्राम्य. गावाच्या शिवेपलीकडे राहणारे ते आरण्य. ही विभागणी केवळ वास्तव्याच्या जागेवरून केलेली दिसत नाही. ग्राम्य पशूला धनी असतो, आरण्य पशूला तो नसतो. म्हणजे मनुष्याशी असलेला संबंध हाच या विभागणीचा खरा पाया होय. आधुनिक भारतीय कायद्याने निराळ्या शब्दांत का होईना, पण हाच भेद कायम ठेवला आहे. 'पशुधन' एका खात्याकडे, 'वन्यप्राणी' दुसऱ्या खात्याकडे. एकासाठी एक अधिनियम, दुसऱ्यासाठी दुसरा. रोगाला मात्र ही शीव ठाऊक नसते.

डिसेंबर २०२४ च्या उत्तरार्धात नागपूरजवळील गोरेवाडा येथील वन्यजीव बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले. त्यांतील काही प्राणी मानव-वन्यजीव संघर्षामुळे चंद्रपूर जिल्ह्यातून पकडून तेथे आणलेले होते. त्यांचे नमुने भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठविण्यात आले, आणि जानेवारी २०२५ च्या आरंभी अहवाल आला तो एच५एन१ या विषाणूचा, म्हणजे सामान्य भाषेत ज्याला 'बर्ड फ्लू' म्हणतात त्या रोगाचा. भारतात बंदिस्त वाघ या विषाणूने दगावल्याची ही पहिलीच घटना मानली गेली. केंद्रातील उरलेल्या वाघ-बिबट्यांची तपासणी झाली, प्राणिउद्यान लोकांसाठी बंद करण्यात आले, आणि राज्यातील इतर प्राणिसंग्रहालयांना सावधगिरीच्या सूचना गेल्या.

या घटनेतून एक प्रश्न उभा राहतो, आणि तो पशुवैद्यकाइतकाच विधिशास्त्राचा व भाषेचाही आहे. कोंबडीला हा रोग झाला तर शासन काय करू शकते, हे ठरलेले आहे. मांजराला झाला तरी ते बरेचसे ठरलेले आहे. पिंजऱ्यातील वाघाला झाला तर शासनाचा अधिकार कोठून येतो? त्या अधिकाराचे मूळ, त्याचा विस्तार आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. अधिकाराचे मूळ

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत या विषयाची वाटणी तीन ठिकाणी झालेली आहे. पशुधनाचे जतन, संरक्षण व सुधारणा, प्राण्यांच्या रोगांचा प्रतिबंध, तसेच पशुवैद्यकीय शिक्षण व व्यवसाय हा विषय राज्यसूचीतील १५ व्या नोंदीत येतो. अर्थात् गुरांच्या रोगांवर कायदा करण्याचा प्राथमिक अधिकार राज्याचा. परंतु माणसे, प्राणी किंवा वनस्पती यांना होणारे संक्रामक व सांसर्गिक रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे, हा विषय समवर्ती सूचीतील २९ व्या नोंदीत आहे. तेथे केंद्र आणि राज्य या दोहोंनाही कायदा करता येतो. वन्य प्राणी व पक्षी यांचे संरक्षण हा विषय मूळ संविधानात राज्यसूचीत होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत '१७-ख' या नोंदीने आला.

या वाटणीमागील तर्क ध्यानात घेण्याजोगा आहे. गुरांचा रोग हा गावाचा प्रश्न, म्हणून तो राज्याचा. तो सीमा ओलांडू लागला की राष्ट्राचा. आणि वन्यप्राणी हा मुळातच कोणा एका गावाचा नव्हे. म्हणजे संविधानकर्त्यांनी रोगाचा विचार त्याच्या गतीवरून केला, आणि वन्यप्राण्याचा विचार त्याच्या संरक्षणाच्या दृष्टीने. वन्यप्राण्याचा रोग या दोहोंच्या मध्ये कोठे तरी पडतो, आणि त्याच्यासाठी स्वतंत्र नोंद नाही.

३. पूर्वपीठिका

गुरांच्या साथींविषयीचे कायदे या देशात नवे नाहीत. मद्रास इलाख्यात १८६६ मध्येच गुरांच्या रोगांविषयी कायदा झाला होता. त्यानंतर थोड्याच काळात हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने हिंदुस्थानातील गुरांच्या साथींची चौकशी केली, आणि त्याचा अहवाल १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८९ मध्ये पुणे येथे 'इंपीरिअल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी' स्थापन झाली. ती १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली, आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था वाढली. आज बरेलीजवळील इज्जतनगर येथे असलेल्या त्या संस्थेचे मूळ पुण्याचे आहे, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते.

केंद्रीय पातळीवरील आरंभीचे कायदे विशिष्ट रोगापुरते होते. १८९८ चा पशुधन आयात कायदा, १८९९ चा 'ग्लँडर्स व फार्सी' कायदा आणि १९१० चा 'डाउरीन' कायदा हे त्यांपैकी होत. यांतील शेवटचे दोन घोड्यांच्या रोगांविषयीचे होते. घोडा हे त्या काळी लष्कराचे व दळणवळणाचे साधन असल्यामुळे सरकारचे लक्ष प्रथम त्याच्याकडे गेले असल्यास नवल नाही. शेतकऱ्याच्या बैलाची चिंता प्रांतिक कायद्यांवर सोडलेली होती. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३४ चा गुरांच्या रोगांविषयीचा कायदा झाला; मुंबई राज्यात १९४८ मध्ये प्राण्यांच्या रोगांविषयी कायदा झाला.

या सर्व काळात ज्या रोगाची दहशत सर्वाधिक होती तो म्हणजे बुळकांडी. तिच्या निर्मूलनाची राष्ट्रीय योजना १९५४ मध्ये सुरू झाली, देशातील शेवटचा रुग्ण १९९५ मध्ये आढळला, २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त असल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि २०११ मध्ये तो रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे घोषित झाले. मनुष्याच्या देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसरा रोग होय. येथेही ग्राम्य आणि आरण्य यांचा संबंध तुटलेला नव्हता. १९६८ मध्ये दक्षिणेतील मुदुमलाई-बंदीपूर परिसरात याच बुळकांडीने गव्यांची मोठी हानी झाली होती. गावातील गोठ्यात लस टोचली गेली, त्याचा लाभ अखेर अरण्यातील गव्यालाही झाला.

४. नावातील दोन विशेषणे

आज लागू असलेला मुख्य कायदा २००९ चा आहे. शासकीय मराठीत त्याचे नाव 'प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९' असे देतात. या अधिनियमाने १८९९ आणि १९१० चे वर उल्लेखिलेले कायदे रद्द केले, आणि राज्याराज्यांतील तत्सम कायद्यांच्या जागी देशभर एकच चौकट आणली.

नावातील 'संक्रामक' आणि 'सांसर्गिक' ही दोन विशेषणे पुष्कळांना समानार्थी वाटतात. वस्तुतः तशी ती नाहीत. 'संसर्ग' हा शब्द 'सृज्' धातूला 'सम्' हा उपसर्ग लागून झाला असून एकत्र येणे, स्पर्श, संगत हा त्याचा अर्थ आहे. सांसर्गिक रोग म्हणजे संगतीने लागणारा रोग. 'संक्रमण' हा शब्द 'क्रम्' धातूपासून आला आहे. ओलांडणे, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे, हा त्याचा अर्थ. संक्रामक रोग पाण्यातून, अन्नातून, डासमाश्यांतूनही जाऊ शकतो. दोन देहांची गाठ पडलीच पाहिजे असे नाही. म्हणजे प्रत्येक सांसर्गिक रोग संक्रामक असतो. प्रत्येक संक्रामक रोग सांसर्गिक असतोच असे नाही. लोकभाषेतील 'साथ' हा शब्द या दोहोंनाही कवेत घेतो. मराठीत सोबतीलाही साथ म्हणतात आणि रोगाच्या लाटेलाही. यात रोगाविषयीचे फार जुने निरीक्षण साठविलेले आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. संसर्ग रोखावयाचा तर आजारी जनावर वेगळे बांधले पाहिजे. संक्रमण रोखावयाचे तर चारा, पाणी, वाहने, कातडी, शेणखत, कीटक या सर्वांवर नजर ठेवली पाहिजे. शासनाला दुसऱ्या प्रकारासाठी पहिल्यापेक्षा फार मोठे अधिकार लागतात. आणि २००९ च्या अधिनियमाने ते दिलेले आहेत.

५. अधिकारांची मालिका

या अधिनियमातील अधिकार एकापाठोपाठ एक असे रचलेले आहेत, आणि त्यांतील पहिली पायरी शासनाची नाही, तर धन्याची आहे. चौथ्या कलमानुसार एखाद्या प्राण्याला अनुसूचित रोग झाला आहे असे मानण्यास कारण असेल तर मालकाने, किंवा तो प्राणी ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यक्तीने, संस्थेने वा ग्रामपंचायतीने, ती गोष्ट कळविली पाहिजे. गावच्या अधिकाऱ्याकडून ती पशुवैद्यकाकडे जाते. त्याच वेळी आजारी प्राणी इतरांपासून वेगळा ठेवणे हेही मालकाचे कर्तव्य होते.

दुसरी पायरी घोषणेची. सहाव्या कलमानुसार राज्य शासनाला एखाद्या रोगापुरते आणि एखाद्या प्राणिजातीपुरते विशिष्ट क्षेत्र 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून घोषित करता येते, आणि तेथे लसीकरण सक्तीचे करता येते. ही घोषणा राजपत्रात छापून भागत नाही. तिचा सारांश स्थानिक वृत्तपत्रात देशभाषेतून प्रसिद्ध करावा, आणि त्या भागात मोठ्याने पुकारून व ढोल वाजवून तो कळवावा, असे कायदाच सांगतो. म्हणजे एकविसाव्या शतकातील संसदेने दवंडीला, विदर्भात कित्येक ठिकाणी जिला मुनादी म्हणतात तिला, कायद्याच्या मजकुरात स्थान दिले आहे. कायदा इंग्रजीत लिहिला गेला तरी त्याची आज्ञा ऐकणाऱ्याच्या भाषेत पोहोचल्याशिवाय ती पुरी होत नाही, ही जाणीव येथे स्पष्ट दिसते.

तिसरी पायरी निर्बंधांची. नियंत्रित क्षेत्रातून त्या जातीच्या प्राण्यांची ने-आण बंद करता येते. रोगी प्राणी, जिवंत वा मृत, त्याचे कातडे, त्याच्या संपर्कातील चारा वा अंथरूण बाहेर नेण्यास मनाई होते. गुरांचे बाजार, जत्रा, प्रदर्शने यांवर बंदी येते. तपासणी नाके व विलगीकरणाचे तळ उभारता येतात, वाहने निर्जंतुक करविता येतात, आणि पशुवैद्यकाला जागेत प्रवेश करून तपासणी करता येते, नमुने घेता येतात.

शेवटची पायरी प्राणहरणाची. रोगाचा प्रसार थांबविण्यासाठी, किंवा तो रोग माणसाला होण्याजोगा असल्यास लोकांच्या आरोग्यासाठी, रोगी प्राण्याला वेदनारहित मरण देण्याचा लेखी आदेश पशुवैद्यकाला देता येतो, आणि शवाची विल्हेवाट तत्काळ लावावी लागते. इतके तीव्र अधिकार असूनही शिक्षा मात्र सौम्य आहे. २००९ मध्ये संमत झालेल्या मजकुरात सर्वसाधारण उल्लंघनाच्या पहिल्या अपराधास एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. एका बैलाच्या किमतीपुढे ही रक्कम नगण्य होय. यावरून असे दिसते की, कायद्याची भिस्त शिक्षेच्या भयापेक्षा मालकाच्या सहकार्यावर अधिक आहे.

६. अधिकारांचा प्रत्यक्ष वापर

या मालिकेचे पूर्ण रूप महाराष्ट्राने २०२२ मध्ये पाहिले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यात लम्पी त्वचारोगाचा प्रादुर्भाव आढळला. हा रोग गोवंशात मुख्यतः चावणाऱ्या कीटकांवाटे पसरतो. म्हणजे वरील विवेचनाप्रमाणे तो 'संक्रामक' अधिक आणि 'सांसर्गिक' कमी. एका गोठ्यातील गाय वेगळी बांधून भागण्याजोगे नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये शासनाने संपूर्ण राज्यच नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले. गुरांची वाहतूक थांबली, बाजार बंद झाले, शर्यती व प्रदर्शने थांबली, आणि शेळ्यांच्या देवीवरील लस गोवंशाला देण्याची मोहीम राज्यभर चालली.

अशा आदेशाचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. बाजार बंद म्हणजे पेरणीच्या वा मुलीच्या लग्नाच्या गरजेपोटी बैल विकू पाहणाऱ्याची वाट बंद. राज्य शासनाने मृत जनावरांसाठी गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० रुपये आणि वासरामागे १६,००० रुपये असे साहाय्य दिले. विदर्भात वर्षभर राबलेल्या बैलाला गावापुढे मिरवण्याचा जो एक दिवस, त्या पोळ्यालाही रोगाची छाया पडली, आणि २०२३ मध्ये अनेक ठिकाणी बैलांची पूजा घरीच करावी लागली. कायद्याचे कलम वाचताना 'प्रदर्शने व जत्रा' हे शब्द कोरडे वाटतात. गावात त्यांचा अर्थ पोळा असा होतो.

कोंबड्यांच्या बाबतीत अधिकार याहून कठोर आहेत. भारतात एच५एन१ प्रथम आढळला तो महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. तेव्हा २००९ चा अधिनियम अस्तित्वात नव्हता. पुढे केंद्राच्या कृती आराखड्याने रीत निश्चित केली. रोग सिद्ध झाला की सुमारे एक किलोमीटर परिसर बाधित क्षेत्र धरून त्यातील कोंबड्या नष्ट करावयाच्या, दहा किलोमीटरपर्यंतचा परिसर निगराणीखाली ठेवावयाचा, आणि नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई केंद्र व राज्य यांनी वाटून द्यावयाची. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आणि जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे या रोगाची नोंद झाली. उदगीरला मेलेले पक्षी कावळे होते. कावळ्याला धनी नसतो; त्याला कोंडता येत नाही, त्याची भरपाई कोणाला द्यावयाची हा प्रश्न नसतो, आणि तो निगराणीच्या रेषेवर थांबत नाही.

७. 'प्राणी' या शब्दाची व्याप्ती

आता गोरेवाड्याच्या प्रश्नाकडे वळता येईल. २००९ च्या अधिनियमात 'प्राणी' या संज्ञेची व्याख्या तीन गटांत दिलेली आहे. पहिल्या गटात गाय-बैल, म्हैस, मेंढी, शेळी, याक व मिथुन; दुसऱ्यात कुत्रा, मांजर, डुक्कर, घोडा, उंट, गाढव, खेचर, कोंबड्यादी पाळीव पक्षी आणि मधमाश्या; आणि तिसऱ्यात केंद्र शासन अधिसूचनेने निर्दिष्ट करील तो अन्य कोणताही प्राणी वा पक्षी.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता 'प्राणी' म्हणजे ज्याला प्राण आहे तो. फारसीतून आलेला 'जनावर' हाही शब्द 'जान' असलेला याच अर्थाने घडला आहे. दोन्ही शब्द जीवमात्राला कवेत घेणारे. 'पशु' मात्र जुन्या काळापासून मालमत्तेशी जोडलेला आहे. लॅटिनमधील 'पेकू' म्हणजे गुरेढोरे हा त्याचाच सगोत्र शब्द, आणि त्याच कुळातून त्या भाषेत द्रव्यवाचक शब्दही झाला. अधिनियमाच्या शीर्षकात 'प्राणी' आहे, पण व्याख्येतील पहिले दोन गट पाहिले तर तेथे मुख्यतः 'पशु' आहे. मधमाशी आहे, कारण तिला पोळ्याचा मालक आहे. वाघ नाही, कारण त्याला धनी नाही.

या रचनेतून एक विसंगती निर्माण होते. जानेवारी २०२५ मध्ये नागपूरच्या उत्तरेस, मध्यप्रदेशातील छिंदवाडा येथे, पाळीव मांजरांत एच५एन१ आढळल्याचे जाहीर झाले. मांजर आणि वाघ एकाच मार्जार कुळातले. विषाणूच्या प्रकारात जवळीक. काळाचे अंतर काही आठवड्यांचे. तरीही मांजराचे नाव व्याख्येत आहे आणि वाघाचे नाही. वाघ तिसऱ्या गटातूनच, अधिसूचनेच्या वाटेने, आत येऊ शकतो. शास्त्राचे वर्गीकरण देहरचनेवरून होते, कायद्याचे संबंधावरून, आणि रोगाचे तिसऱ्याच निकषावरून.

८. बंदिस्त वन्यप्राण्याचा कायदा

वाघ या अधिनियमात थेट येत नसला तरी तो कायद्याबाहेर मुळीच नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात 'बंदिस्त प्राणी' अशी स्वतंत्र संज्ञा आहे. प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत बचाव केंद्रही अंतर्भूत आहे. म्हणून गोरेवाड्याच्या केंद्राला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे नियम लागू होतात. २००९ च्याच प्राणिसंग्रहालय मान्यता नियमांनी नव्या प्राण्याचे विलगीकरण, पशुवैद्यकीय देखभाल, मृत्यूनंतरचे शवविच्छेदन व त्याची नोंद या गोष्टी बंधनकारक केलेल्या आहेत.

या दोन कायद्यांतील मूलभूत वृत्ती परस्परविरुद्ध आहे. पशुरोगाचा कायदा समूहाचा विचार करतो. निरोगी कोंबडीही बाधित क्षेत्रात असल्याच्या एकाच कारणाने मारली जाते. वन्यजीव कायदा एकेका जिवाचा विचार करतो. त्याच्या अकराव्या कलमानुसार पहिल्या अनुसूचीतील प्राणी मनुष्याला धोकादायक झाला असेल, किंवा बरा होण्यापलीकडे जायबंदी वा रोगग्रस्त असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो; आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र नेणे शक्य नाही, अशी खात्री झाल्याशिवाय ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. शेजारच्या पिंजऱ्यातील वाघाला रोग झाला म्हणून निरोगी वाघ मारावा, असा विचारही या चौकटीत बसत नाही.

म्हणून कोंबडीच्या बाबतीत जो उपाय शेवटचा आणि निश्चित, तो वाघाच्या बाबतीत उपलब्धच नाही. अर्थात् वाघासाठी सारा भर आधीच्या पायऱ्यांवर द्यावा लागतो : विलगीकरण, निरीक्षण, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आहार.

वन्यजीव कायद्यातच या दोन जगांना जोडणारी एक तरतूद आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. १९९१ च्या दुरुस्तीने आलेल्या '३३-क' या कलमानुसार अभयारण्यात, तसेच त्याच्या पाच किलोमीटरच्या आत असलेल्या पशुधनाचे सांसर्गिक रोगांविरुद्ध लसीकरण करविण्याची जबाबदारी मुख्य वन्यजीव रक्षकावर आहे. अरण्यातील गव्याचे रक्षण गावातील गाईला लस टोचून करावयाचे, हा तो विचार होय. परंतु हे कलम मोकळ्या अभयारण्यासाठी आहे. पिंजऱ्यातील वाघाच्या पाच किलोमीटरच्या आत कोंबड्या कोणाच्या व कशा आहेत, हे विचारणारे कलम त्यात नाही.

९. साखळीचा तुटलेला दुवा

मोठ्या मार्जारांना हा रोग होतो, हे गोरेवाड्याच्या वीस वर्षे आधीपासून ठाऊक होते. थायलंडमध्ये २००३ च्या अखेरीस दोन वाघ व दोन बिबटे एच५एन१ ने दगावले. तेथील श्रीराचा येथील व्याघ्रोद्यानात ऑक्टोबर २००४ मध्ये ४४१ वाघांपैकी १४७ वाघ मेले किंवा त्यांना मरण द्यावे लागले; कच्ची कोंबडी हा त्यांचा आहार होता. व्हिएतनाममध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दोन प्राणिसंग्रहालयांत ४७ वाघ, तीन सिंह व एक काळा बिबट्या याच रोगाने गेले. गोरेवाड्याच्या बाबतीतही आहारातील कोंबडीकडे व पक्ष्यांकडे संशयाने पाहिले गेले.

येथेच कायद्याचा दुवा तुटतो. कोंबडी शेतावर जिवंत आहे तोवर ती पशुसंवर्धन खात्याच्या कक्षेत असते. ती मांस झाली की अन्नसुरक्षेच्या कायद्यात जाते. पण तो कायदा माणसाच्या ताटाचा विचार करून लिहिलेला आहे, आणि माणूस मांस शिजवून खातो. तेच मांस कच्चे पिंजऱ्यात टाकले गेले की ते वनखात्याच्या व प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या कक्षेत येते. तीन ठिकाणी तीन अधिकारी आपापल्या कायद्याचे यथास्थित पालन करीत असले तरी विषाणू त्या तिघांच्या मधून जाऊ शकतो. त्यात कोणा एकाचा दोष दाखविता येत नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे.

नागपूरच्या बाबतीत या दुव्याला विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथेच आहे. त्याचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र गोरेवाड्यातच आहे. शहराच्या मध्यभागी कृषी महाविद्यालयाच्या व्यवस्थेखालील महाराजबाग प्राणिसंग्रहालय आहे. चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत पकडलेले वाघ-बिबटे उपचारासाठी वा कायमच्या वास्तव्यासाठी याच शहरात येतात. ग्राम्य आणि आरण्य यांची शीव महाराष्ट्रात इतकी दाट दुसऱ्या शहरात क्वचितच आढळेल.

१०. नाव आणि नोंद

शेवटी पुन्हा पहिल्या पायरीकडे यावे लागते. सारे अधिकार सुरू होतात ते कोणी तरी कळविल्यावर. आणि कळविणारा रोगाचे नाव आपल्या भाषेत घेतो. मराठीतील पशुरोगांची नावे पाहिली तर ती बहुधा लक्षणांवरून पडलेली आढळतात. तोंडातून लाळ आणि खुरांत जखमा म्हणून 'लाळ्या-खुरकूत'. जनावराचा फरा सुजतो म्हणून 'फऱ्या'. पातळ हगवणीवरून 'बुळकांडी'. कोंबडीची मान वाकडी होते म्हणून 'मानमोडी'. 'घटसर्प' हे नाव गुरांच्या घशाच्या रोगालाही आहे आणि माणसाच्या निराळ्या रोगालाही. या नावांत पिढ्यान् पिढ्यांचे निरीक्षण आहे, पण अधिनियमाच्या अनुसूचीत त्यांतील एकही नाव नाही. ती इंग्रजी शास्त्रीय नावांची आहे. शेतकऱ्याच्या तोंडचे 'फऱ्या' आणि अनुसूचीतील नाव यांची सांगड घालण्याचे काम गावच्या अधिकाऱ्यावर व पशुवैद्यकावर येऊन पडते. नव्या रोगाच्या बाबतीत तर देशी नावच नसते. 'लम्पी' आणि 'बर्ड फ्लू' हे शब्द मराठीने जसेच्या तसे घेतले. आणि 'बर्ड फ्लू' या नावाने एक गैरसमज सोबत आणला. नावात पक्षी असल्यामुळे वाघाचा ताप पाहून या रोगाची शंका सहजी येत नाही. अधिकाराची पहिली पायरी शंका ही आहे, आणि शंकेला वाट नाव दाखविते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक अशी की, शासनाजवळ अधिकार अपुरे नाहीत. ते वाटले गेलेले आहेत. केंद्र शासनाने अधिसूचनेने बंदिस्त वन्यप्राण्यांचा 'प्राणी' या संज्ञेत समावेश केला, तर निदान कळविणे, वेगळे ठेवणे आणि नमुने घेणे या पायऱ्या दोन्ही खात्यांना समान होतील. मात्र तसे करताना वेदनारहित मरणाची तरतूद वाघाला लागू होणार नाही, याची वेगळी काळजी घ्यावी लागेल. नाही तर संरक्षणाच्या कायद्याने जे दिले ते रोगाच्या कायद्याने काढून घेतल्यासारखे होईल. दुसरी गोष्ट अशी की, दवंडीची तरतूद ज्या विचाराने कायद्यात आली तोच विचार अनुसूचीपर्यंत नेला पाहिजे. रोगांची देशी नावे, त्यांची लक्षणे आणि ती कोणत्या शास्त्रीय नावाशी जुळतात याची जिल्हावार सूची तयार झाली, तर चौथ्या कलमातील कर्तव्य पार पाडणे शेतकऱ्याला आणि पिंजऱ्यावरील राखणदाराला सारखेच सुकर होईल. गोरेवाड्यात रोगाचे नाव कळले ते चार प्राणी गेल्यानंतर, भोपाळहून. पुढच्या वेळी ते पिंजऱ्यापाशीच, आणि आधी, उच्चारले जावे, यासाठी जे करावयाचे त्यात पशुवैद्यकाइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही वाटा आहे.